पाव किलो तेल

आमची शाळा पहिली ते चौथीची, पटावर ४६ मुलं, शिक्षक दोनच. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाचं. ऑगस्ट संपत आला होता, कपाशी कंबरेच्या वर गेली होती आणि शिवारभर फवारणी चालू होती. त्या दिवशी मुख्याध्यापक बैठकीसाठी पंचायत समितीत गेले होते, त्यामुळे चारही वर्ग माझ्याकडे.

पोषण आहाराचं तेल आदल्या दिवशीच संपलं होतं. प्राथमिकच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण असतं. ४६ मुलांना पाव किलोसुद्धा लागत नाही. एवढ्याशा तेलासाठी पोरं उपाशी कशाला ठेवायची, म्हणून मी शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका पालकांना फोन केला. "पोराच्या हाती धाडतो, मॅडम," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांचा तिसरीतला मुलगा पांढरा प्लॅस्टिकचा डबा घेऊन दारात उभा राहिला. "काकूंना नेऊन दे," मी म्हटलं आणि फळ्याकडे वळले. डब्याकडे पाहिलंही नाही.

दहा-पंधरा मिनिटांनी स्वयंपाक करणाऱ्या काकू वर्गाच्या दाराशी आल्या. एरवी त्या शिकवणं चालू असताना कधी येत नाहीत.

"मॅडम, तेलाचा वास येऊन रायला."

"कसला वास?"

"सोयाबीनचा नाही. वेगळाच हाय."

मोबाईलवर हजेरीची माहिती भरायची राहिली होती, पहिलीची दोन मुलं भांडत होती, घड्याळ पुढे सरकत होतं. 'डब्याचा वास असेल, फोडणी द्या तुम्ही' हे शब्द माझ्या अगदी ओठांवर होते. हे मी आज लिहिते आहे, कारण ते वाक्य बोलायला मला काहीही लागलं नसतं.

ते मी बोलले नाही, कारण काकू दारातून हलत नव्हत्या. आणि त्यांना तसं उभं पाहून मला गंडामन आठवलं. बिहारच्या सारण जिल्ह्यातलं ते गाव. १६ जुलै २०१३ रोजी तिथल्या शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघालं. आमच्याकडे ज्याला नुसतं 'मोनो' म्हणतात, तेच. तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी तेलाबद्दल आधीच शंका काढली होती, पण त्यांना स्वयंपाक चालू ठेवायला सांगितलं गेलं, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

मी स्वयंपाकखोलीत गेले. कढई चुलीवरून उतरवलेली होती, तेल तापून गेलं होतं. वास उग्र होता, घशाला लागत होता. मी डबा उचलून उजेडात धरला. लेबल खरवडून काढलेलं, पण खालच्या कोपऱ्यात चिकटून राहिलेला एक तुकडा दिसला. तिरक्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग, लाल. कीटकनाशकांच्या डब्यावर विषाच्या तीव्रतेप्रमाणे रंग असतो. हिरवा सगळ्यात सौम्य, मग निळा, पिवळा, आणि लाल सगळ्यात जहाल.

तो मुलगा माझ्या मागे येऊन उभा होता. "बाबाचा फवारणीचा डबा होय तो, मॅडम." त्याला माहीत होतं. मी त्याला विचारलंच नव्हतं.

चव रजिस्टर आमच्याकडेही आहे. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने आणि आणखी एकदोन मोठ्या माणसांनी अन्न चाखायचं आणि नोंद करायची, असा नियम आहे. खरं सांगायचं तर आम्ही आठवड्याच्या सह्या शनिवारी एकदम करत होतो. त्या दिवशीच्या रकान्यातही 'चव चांगली' असंच लिहिलं गेलं असतं. आणि मी प्रामाणिकपणे चाखलं असतं तरी ते चुकीचंच ठरलं असतं. वासाची शंका आली की चाखायचंही नसतं. तिथेच थांबायचं असतं.

पुढचा अर्धा तास भराभर गेला. चूल विझवली, खोलीला कुलूप लावलं, मुलांना समोरच्या झाडाखाली बसवलं आणि दुकानातून केळी आणि फुटाणे मागवले. केंद्रप्रमुखांना फोन केला. "कुणी खाल्लं तर नाही ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि नाही म्हटल्यावर त्यांनी सोडलेला श्वास मला फोनवर ऐकू आला. डबा आणि कढई तशीच ठेवून पंचनामा झाला. काकू कढईवर वाकल्या होत्या, त्यांचं डोकं दुखायला लागलं होतं, म्हणून साबणाने हात-तोंड धुवायला लावून त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. डॉक्टरांनी डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या, घाम, लाळ, मळमळ विचारली, संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. त्या सुखरूप घरी आल्या. वर्षातले दहा महिने, महिना अडीच हजार मानधनावर राबणारी बाई. ती त्या दिवशी दारातून मागे फिरली असती, तर काय झालं असतं हे मी अजूनही पुरतं डोळ्यांपुढे आणू शकत नाही.

मुलाचे वडील धावत आले. "तीनदा धुतला होता, मॅडम. पावडरनं घासला होता." ते मला सांगत होते, पण बघत होते मुलाकडे. त्यांनी शाळेला मदत केली होती, आणि मदत मीच मागितली होती. रिकामा डबा खळबळून, भोसकून पुरायचा असतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण चांगला पाच लिटरचा घट्ट झाकणाचा डबा कोण फेकतं? माझ्या माहेरीही अशा डब्यात रॉकेल असायचं.

दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत आला नाही. मोठी पोरं त्याला 'विषवाला' म्हणत होती, असं कळलं. मी त्याच्या घरी गेले. मग वर्गात त्याला फळ्याजवळ बोलावून तो लाल तुकडा कसा होता ते काढायला सांगितलं. त्याने तिरका चौकोन काढला, खालचा भाग लाल खडूने भरला. "असा डबा कुणाच्या घरी आहे, नुसतं बघून या. हात लावू नका," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी पोरं सांगायला लागली. एकीकडे त्यात जाडं मीठ होतं. एकाकडे म्हशीच्या ढेपेचं पाणी. एकाच्या आजोबांच्या खाटेखाली प्यायच्या पाण्याचा. समितीच्या बैठकीत ही यादी त्या मुलाच्या वडिलांनीच उभं राहून वाचली. शाळेत फक्त बंद पाकिटातलं तेल येईल, काकूंनी 'नको' म्हटलं की स्वयंपाक थांबेल आणि कुणी कारण विचारत बसणार नाही, हे तिथेच ठरलं. ठरावावर काकूंचीही सही घेतली.

नवं तेल आलं त्या दिवशी खिचडी शिजल्यावर काकू ताटली घेऊन वर्गात आल्या. डावभर खिचडी माझ्यासमोर ठेवली, रजिस्टर उघडून ठेवलं, आणि मी घास गिळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.

"आता सही करा," त्या म्हणाल्या.