कोड, डॅश आणि नंबर

"काका, यात चूक आहे. नंबर सहाच आकडी आलाय."

गेल्या आठवड्यात कोरेगावचा एक मुलगा प्रूफ बघायला आला होता. नोकरी पुण्यात, पण गावी आजोबांचं किराणा दुकान आहे आणि त्यांची बिलबुकं वर्षानुवर्षं आमच्याकडेच छापली जातात. पुण्यात लँडलाइन आठ आकडी, त्यामुळे दोन आकडे गळालेत असं त्याला वाटलं. मी म्हटलं, "गळालं काही नाही. पुण्याने कोडात वाचवलेत आणि नंबरात खर्च केलेत, एवढंच."

साताऱ्याच्या शनिवार पेठेतली आमची प्रेस अण्णांपासूनची, म्हणजे माझ्या वडिलांपासूनची. पत्रिका, बिलबुकं, लेटरहेड, सगळ्यावर फोन नंबर असतोच. नावातली वेलांटी चुकली तर माणूस समजून घेतो. नंबरातला एक आकडा चुकला तर फोन भलत्याच घरी वाजतो. म्हणून नंबर मी अजूनही बोट ठेवून, मोठ्याने वाचतो.

त्या मुलाला कागदावर लिहून दाखवलं. सुरुवातीचा शून्य सोडला तर गावाचा एसटीडी कोड आणि नंबर मिळून दहाच आकडे व्हायला हवेत. पुण्याचा कोड २०, म्हणून नंबराला आठ आकडे उरतात. सांगली-मिरजेचा २३३, तिथे सात. साताऱ्याचा २१६२, आपल्याला सहा. नंबराची सुरुवात शून्याने करता येत नाही, कारण शून्य फिरवला की गावाबाहेर जायचंय असा अर्थ होतो. एकनेही करता येत नाही, तो १००, १०१, १०८, ११२ अशा सेवांसाठी राखलेला. पहिल्या जागेला उरलेल्या २ ते ९ या आठ आकड्यांच्या हिशोबाने साताऱ्यात फार तर आठ लाख नंबर बसतील, पुण्यात आठ कोटी. मोठ्या शहराला आखूड कोड का, ते यात आलं.

आणि टेलिफोन एक्सचेंज आकडे डावीकडून एकेक वाचत जातं. २० आलं की ते पुणे, विषय संपला. म्हणून देशात दुसऱ्या कुठल्याही गावाचा कोड २० ने सुरू होत नाही. तसं झालं असतं तर कुठे थांबायचं हे मशीनला कळलंच नसतं.

आमच्या कटिंग मशीनच्या वर भिंतीला एक पुठ्ठा टांगलाय, अण्णांच्या हातचा. त्यावर जिल्ह्याचे कोड आहेत. वडूज ०२१६१, सातारा ०२१६२, कोरेगाव ०२१६३, कऱ्हाड ०२१६४, दहिवडी ०२१६५, फलटण ०२१६६, वाई ०२१६७, महाबळेश्वर ०२१६८, शिरवळ ०२१६९. एक ते नऊ, एकही जागा रिकामी नाही. जिल्ह्यात तालुके अकरा. राहिलेल्या दोघांचे कोड वेगळ्याच घरातले, पाटण ०२३७२ आणि मेढा ०२३७८. मेढा साताऱ्याच्या एवढं जवळ, पण कोड बघून कोणी म्हणणार नाही. देशाचे असे २,६४७ तुकडे पाडलेत, आपल्याकडे साधारण तालुक्याएवढे. सोयरीक विदर्भातली असली की पत्रिकेवर ०७ दिसतो, अमरावती ०७२१, नागपूर ०७१२. बेळगाव ०८३१ आणि लगेच पुढचा पणजी ०८३२, ही जोडी मला फार आवडते.

२००२-०३ च्या सुमारास सगळ्या जुन्या नंबरांपुढे २ लागला. साताऱ्यात पाचाचे सहा झाले, सांगलीत सहाचे सात. गावातल्या प्रत्येक दुकानाची स्टेशनरी एका फटक्यात जुनी झाली. आमची बिलबुकं तेव्हा ट्रेडलवरच, म्हणजे जुन्या छपाई यंत्रावरच निघायची, एकेका अक्षराचे धातूचे खिळे जुळवून. ०२१६२ मध्ये दोन वेळा २, पुढे नवा २, म्हणजे एका बिलाला तीन. एका फर्म्यात, म्हणजे एका वेळी छापायच्या जुळणीत, चार बिलं लावली की बारा खिळे तिथेच गेले. खिळ्यांच्या केसमधला दोनचा खाना दुपारपर्यंत रिकामा व्हायचा. मग अण्णा बांधून ठेवलेले जुने फर्मे सोडायचे आणि चिमट्याने २ वेचून काढायचे. ज्यांची लेटरहेडं शिल्लक होती त्यांनी नुसत्या २ चा रबरी शिक्का करून घेतला. असे कितीतरी शिक्के आम्ही करून दिले.

माझ्या हातून झालेली चूक त्यानंतरची. एका लग्नपत्रिकेवर मजकुरात होतं तसं +९१ ०२१६२ लावून मोकळा झालो. नवऱ्या मुलाची आत्या अमेरिकेत. तिने दोन दिवस प्रयत्न केला, फोन लागला नाही. शून्य हा नंबराचा भागच नाही. तो देशातल्या देशात दुसऱ्या गावी जायचा दरवाजा आहे, आणि +९१ लावून येणारा माणूस त्या दरवाजाच्या आत आलेलाच असतो. मुलाचे वडील मला काही बोलले नाहीत, नुसती पत्रिका टेबलावर ठेवली. ती अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

मोबाइलचं तसं नाही, त्यात गावच नाही. ९४२२ बघितलं की बीएसएनएल, एवढं तरी पूर्वी कळायचं. २० जानेवारी २०११ पासून नंबर न बदलता कंपनी बदलता येऊ लागली आणि ३ जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी नंबर तोच ठेवता येतो. लँडलाइनवरून मोबाइल लावताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावा लागतो, नवे नंबर काढायला जागा व्हावी म्हणून. काही जण तो शून्य कार्डावरही छापा म्हणतात. मी नाही म्हणतो. तो फिरवायचा, छापायचा नाही.

त्या मुलाने प्रूफवरचे सहा आकडे मोबाइलवरून लावून पाहिले. लागला नाही. "कोड लाव," मी म्हटलं. त्याने पुठ्ठ्याकडे बघत ०२१६३ दाबलं, मग ते सहा आकडे. तीन रिंगा झाल्या. पलीकडून खणखणीत आवाज आला, "हां, बोला, दुकान."

"आजोबा, मी बोलतोय," तो म्हणाला, आणि बोलता बोलताच प्रूफच्या कोपऱ्यात सही केली.