दूध ओढत नाहीये

गणपती होऊन गेले की आमचा लहान मुलांचा वॉर्ड भरतोच. पाऊस सरत आलेला, घर पाहुण्यांनी भरलेलं, त्यात एकदोघांना सर्दी आणि नवीन बाळ दिसलं की जो तो उचलून पापी घेणार. मग आठवड्याभरात ती बाळं आमच्याकडे.

त्या दिवशी सकाळच्या ड्युटीला अडीच महिन्यांची मुलगी आली. ताप नव्हताच, त्यामुळे घरचे म्हणत होते सर्दीच आहे, निघून जाईल, पण तिची आई एकच धरून बसली होती, सिस्टर रात्रीपासून ती दूध ओढत नाहीये, दोन घोट घेते नि धापा टाकत सोडते. मला विचाराल तर थर्मामीटरपेक्षा हे वाक्य मोठं. झबलं वर करून घड्याळ लावून पूर्ण मिनिट श्वास मोजले, ७२. या वयात ५० च्या वर गेले की आम्ही सावध होतो. बरगड्यांखाली खड्डा पडत होता, सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ८८ टक्के, कमीच.

डॉक्टर म्हणाले ब्राँकिओलायटिस. बहुतेक वेळा आरएसव्ही नावाचा व्हायरस असतो, मोठ्या माणसाचं त्याने नुसतं नाक गळतं पण बाळाच्या फुफ्फुसातल्या नळ्या इतक्या बारीक की जराशी सूज आणि चिकट कफ आला तरी हवा अडते. दोन वर्षांच्या आत जवळपास सगळ्याच मुलांना तो होऊन जातो, बहुतेक घरीच बरी होतात, भीती असते ती तान्ह्यांची आणि दिवस पूर्ण न भरलेल्यांची, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास जास्त वाढतो. हिचा चौथा दिवस होता.

ऑक्सिजन लावला, नाकात सलाईनचे थेंब टाकून सक्शन केलं, आईचं दूध वाटीत काढून नळीने दिलं. आजी वैतागल्या, "आवं सिस्टर, नाकच काय साफ करत बसलाय, एखादी सुई टोचा की." त्यांना सांगितलं, आजी, व्हायरसवर अँटिबायोटिकची सुई चालत नाही, ऑक्सिजन आणि पोटात दूध हेच औषध. घरी ओव्याची धुरी देत होत्या तीही बंद करायला सांगितली, सुजलेल्या नळ्यांना धूर फार वाईट.

दुपारी बाळ एकदम शांत झालं. आई म्हणाली, झोपली बघा एकदाची. मी बघितलं तर छाती हलतच नव्हती, तेवढ्यात मॉनिटर ओरडला. तळव्याला टिचक्या मारल्या, पाठ चोळली, हाताने दाबून श्वास द्यायची अंबू बॅग हातात घेतलीच होती आणि तिने श्वास घेतला, रडली. तान्ह्यांमध्ये या आजारात श्वास असा मध्येच थांबतो, म्हणून तर त्यांना अ‍ॅडमिट करतो, हे घरी झालं असतं तर सगळ्यांना वाटलं असतं बाळ झोपलंय. लगेच सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या मशीनवर, घेतलं, ड्युटी संपली तरी माझा पाय निघेना.

पुढच्या आठवड्यात घरी गेली. खोकला दोनतीन आठवडे राहील, घाबरू नका, पण दूध सोडलं किंवा खड्डा पडायला लागला तर रात्र असली तरी या असं सांगितलं, आणि दोघींना बाळाचे श्वास मोजायला लावले. आईने मोजले ४२, आजींनी ४४. चालेल म्हटलं.