तुम्ही विचारलंत म्हणून: बेडकाला परकी पेशी कळते कशी?

व्याख्यान संपलं की कुणी ना कुणी विचारतंच, "बेडकाच्या शरीराला परकी पेशी ओळखून मारता येते?" येते, आणि चांगलीच येते. प्रयोगशाळेतल्या झेनोपस या आफ्रिकन बेडकाला दुसऱ्या बेडकाच्या कातडीचा तुकडा लावा. काही आठवड्यांत तुकड्याचा रंग उतरतो, तो आक्रसत जातो. हे काम मुख्यतः टी पेशींचं, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचं, आणि त्या घडतात थायमस ग्रंथीत.

झेनोपसचा टॅडपोल, म्हणजे शेपटीवालं पिल्लू, जवळजवळ पारदर्शक असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या डोळ्यांमागे थायमसचे दोन ठिपके दिसतात. लहानपणीच ते बारीक तापल्या सुईने जाळले, तर टी पेशींवाचून वाढलेला बेडूक मिळतो. 1990 च्या दशकात इंग्लंडमधल्या डरॅम इथे जॉन हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी अशा बेडकांच्या प्लीहेतल्या पेशी बेडकाच्याच ट्यूमरच्या गाठीतल्या पेशींसमोर सोडल्या. टी पेशी नसूनही गाठीतल्या पेशी मेल्या. मारणाऱ्या होत्या नैसर्गिक मारक पेशी, ज्यांना आपण एनके म्हणतो.

गाठीतल्या त्या पेशींच्या पृष्ठभागावर एमएचसी वर्ग 1 ची प्रथिनं नव्हती. ही प्रथिनं म्हणजे पेशीचं ओळखपत्र. टी पेशी चुकीचं ओळखपत्र पकडते; एनके पेशीला मात्र ते नसणंच खटकतं.

आता खरी गंमत. कोवळ्या टॅडपोलच्या पेशींवर ही प्रथिनं जवळजवळ नसतातच. मग एनके पेशींनी स्वतःच्याच पिल्लाला खाल्लं असतं की! पण एनके पेशी दिसू लागतात अंडं फळल्यानंतर सुमारे 7 आठवड्यांनी, म्हणजे वर्ग 1 ची प्रथिनं पृष्ठभागावर येतात त्याच सुमारास. या जुळणीचं मला आजही नवल वाटतं, आणि ती योगायोग असेल असं मला वाटत नाही.

टॅडपोलचा बेडूक होताना शेपटी जिरून जाते, तिचं तर त्याहून विलक्षण. एकाच वाणाचा, म्हणजे जनुकांनी जवळजवळ सारखाच असलेला, प्रौढ झेनोपससुद्धा टॅडपोलची कातडी परकी म्हणून नाकारतो. जपानमधल्या निइगाता विद्यापीठातल्या इझुत्सू यांच्या गटाने 2009 मध्ये शेपटीच्या कातडीतली दोन 'ऊरो' प्रथिनं त्याला कारणीभूत असल्याचं दाखवलं. शेपटी जिरवण्यात थायरॉईडचं संप्रेरक मुख्य, हे खरंच. पण ही प्रथिनं दाबून टाकली, तेव्हा शेपटीचा काही भाग मागे उरला.