तुम्ही विचारलंत म्हणून : तीन हजारांत माथेरानची गाडी

शाळेच्या गेटपाशी, लिफ्टमध्ये, भाजी घेताना, कधी कधी तर लोकलच्या लेडीज डब्यात उभ्या उभ्या बायका मला एकच गोष्ट विचारतात. ‘तुमच्या लेकीचा तो माथेरानच्या छोट्या आगगाडीचा वाढदिवस तीन हजारांत कसा काय बसवलात?’ विचारणारीच्या मनात बहुतेक वेळा तिच्या मुलाची तारीख असते. इव्हेंटवाल्याने सांगितलेला दहा-बारा हजारांचा आकडाही असतो. म्हणून दोन वाक्यांत उत्तर देऊन पुढे जाणं मला जमत नाही. आज सगळं सविस्तर लिहिते.

मी एकच नियम धरला होता. ज्या वस्तूला मुलांचा हात लागणार नाही, तिच्यावर पैसे घालायचे नाहीत. फुग्यांची कमान, मागचा छापील पडदा, नावाची दिव्यांची पाटी या सगळ्यांसमोर मोठी माणसं फोटो काढतात. सहा वर्षांचं मूल तिथे दोन मिनिटं उभं राहतं आणि पळतं. थीम सजावटीत शोधली तर दर फुटाला पैसे मोजावे लागतात. खेळात शोधली तर पुठ्ठा, खडू आणि सुतळी पुरते.

त्यामुळे कार्टूनमधल्या पात्रांची थीम मी आधीच बाजूला ठेवली. तिथे प्रत्येक वस्तूवर ते चित्र हवं असतं, आणि चित्र छापलेली साधी कागदी टोपीसुद्धा बिनछापाच्या टोपीपेक्षा महाग मिळते. त्याऐवजी एखादी जागा घ्या किंवा एखादं काम घ्या. भाजी मंडई, पोस्ट, एसटी स्टँड. दिवाळीत किल्ला करणाऱ्या घरात मावळे आणि तोफा माळ्यावरच्या डब्यात असतातच, तिथे किल्ल्याची थीम फुकटात होते. जागा किंवा काम घेतलं की मुलांना लगेच काहीतरी करायला मिळतं. कोणी तिकीट फाडतं, कोणी भाजी तोलतं, कोणी शिक्का मारतं.

आम्ही बदलापूरला राहतो. वांगणी, शेलू आणि मग नेरळ, म्हणजे माथेरानची गाडी आम्हाला तिसऱ्या स्टेशनवर. माझ्या लेकीला ही गाडी अतिशय प्रिय. पण तिचा वाढदिवस येतो जुलैमध्ये आणि पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते. तेव्हा फक्त अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते. ‘माझ्याच वाढदिवसाला गाडी बंद का?’ हे तिचं दरवर्षीचं रडगाणं होतं. तर यंदा गाडी आपल्या पार्किंगमध्ये आणायची असं ठरलं.

या गाडीची आखणीच मुलांच्या खेळासाठी केल्यासारखी आहे. रूळ अवघे दोन फूट रुंद, १९०७ पासून चालू, आणि सुमारे २१ किलोमीटरला दोन तासांहून जास्त वेळ. वाटेत बोगदा एकच. आणि स्टेशनं पाच : नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज, माथेरान. दोन तासांच्या पार्टीचा कार्यक्रम मला वेगळा आखावाच लागला नाही.

आता पैशांचं. यादी करण्याआधी दोन गोष्टी ठरवल्या, आणि खरी बचत तिथेच झाली. मुलं चौदा, वेळ साडेचार ते साडेसहा. साडेचारला मुलं जेवून आलेली असतात आणि साडेसहाला घरी जाऊन जेवणार असतात, म्हणजे नाश्त्यावर भागतं. सातची वेळ दिली की पुलाव आला, पनीर आलं, आई-बाबांचंही पान मांडणं आलं, आणि बजेट तिथेच दुप्पट झालं. जागेसाठी सेक्रेटरींना विचारून पार्किंगमधल्या स्कूटर दोन तास एका कडेला लावून घेतल्या. तीन हजारांतले सातशेच्या आत कागद, सुतळी, खडू, चिकटपट्टीवर गेले. बाराशे-तेराशे खाण्यावर, चारशे केकवर आणि पाचशे चिक्कीवर.

आमंत्रण म्हणजे तिकीट. पूर्वी रेल्वेची जाड पुठ्ठ्याची छोटी तिकिटं असायची, जेमतेम सव्वादोन इंच लांब. तीच घरी केली. बदामी कार्डशीटचे तुकडे कापले आणि त्यावर लेकीने स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ‘नेरळ ते माथेरान. अर्धं तिकीट.’ मागे वेळ आणि जागा. धाकट्या भावंडांचा प्रश्न सगळीकडे येतो. दादाला बोलावलं की तीन वर्षांची धाकटी बहीण पण येतेच, आणि यायलाच हवी. तर रेल्वेचाच नियम लावला : पाच वर्षांखालचे बिनतिकीट. त्यांच्यासाठी गाडीचे डबे करायची दोन खोकी जास्तीची ठेवली.

त्याच तिकिटावर मी एक ओळ लिहायला लावली : ‘भेटवस्तू आणू नये.’ ही ओळ कृपा करून तुम्हीही लिहा. आमच्याच बिल्डिंगमध्ये अशी घरं आहेत, जिथे महिन्यात तीन वाढदिवसांची आमंत्रणं आली की तीन वेळा दोन-दोनशे रुपयांची भेट घेणं परवडत नाही. मग मुलाला बरं नाही असं सांगून घरी ठेवतात. मूल खिडकीत उभं राहून खालचा आरडाओरडा ऐकतं. हे मी पाहिलेलं आहे आणि मला ते सहन होत नाही. खर्च कमी करायचा तो फक्त आपला करून भागत नाही, येणाऱ्याचाही करायचा असतो.

डबे हा या सगळ्याचा जीव, म्हणून त्यावर जरा जास्त सांगते. प्रत्येक मुलाला अंगात घालायचा एक डबा, म्हणजे वरखाली उघडं असलेलं पुठ्ठ्याचं खोकं, दोन्ही खांद्यांवरून सुतळीचे पट्टे. खोकी मेडिकलवाल्याकडून मागा. स्वच्छ असतात, आणि एरवी ती रद्दीतच जातात. किराणावाल्याकडची तेलाच्या पिशव्यांची खोकी घेऊ नका, त्यांच्या पुठ्ठ्यात तेल मुरलेलं असतं आणि वर कागद चिकटत नाही. तळ आणि झाकण कापलं की कडा बोटांना कापतात, तेव्हा त्यांवर रुंद चिकटपट्टी दुमडून लावा. सुतळी खांद्याला टोचते, म्हणून जुन्या ओढणीच्या पट्ट्या तिच्यावर गुंडाळल्या. पट्टे मागे फुलीसारखे बांधले नाहीत तर धावताना खोकं एका बाजूला लोंबतं.

चिकटवायला मैद्याची खळ केली. वाटीभर पाण्यात दोन चमचे मैदा गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचा. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. मोरचूद विषारी आहे आणि मुलांचे हात सारखे तोंडात जातात, तेव्हा आपण ते अजिबात घालायचं नाही. खळ त्याच दिवशी करायची, त्याच दिवशी संपवायची.

डबे मी आधी सजवून ठेवले नाहीत, आणि हे मुद्दाम. पहिलं स्टेशन नेरळ, तिथलं काम हेच : आपापला डबा तयार करा. घोटीव कागदाचे तुकडे, जुनी मासिकं, खळीच्या वाट्या मधे ठेवल्या. पहिली वीस-पंचवीस मिनिटं पार्किंगमध्ये अशी शांतता होती की वरून दोन आज्या गॅलरीत येऊन बघून गेल्या. एका मुलाने डब्याला खिडक्या काढल्या आणि प्रत्येक खिडकीत एकेक माणूस. एका मुलीने सगळा डबा फक्त काळा केला आणि सांगितलं, हा मालगाडीचा आहे, कोळशाचा. माथेरानच्या गाडीला कोळशाचा डबा कशाला, असं कोणीही विचारलं नाही.

गाडी सुटण्याआधी औक्षण. माझ्या सासूबाईंनी कणकेचे सहा दिवे केले होते. लेक डबा अंगात घालूनच पाटावर उभी राहिली. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, सगळं रीतसर. घरचं जे आहे ते थीममध्ये सहज बसतं, त्यासाठी काही विकत आणावं लागत नाही.

आमच्या मजल्यावरचे काका रेल्वेत गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून. त्यांना मी फक्त शिट्टी वाजवायला बोलावलं होतं. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, घरून लाल आणि हिरवा झेंडा घेऊन, आणि पुढचे दोन तास त्यांनीच चालवले. माझ्या लेकीला झेंडा कसा धरायचा ते त्यांनी दाखवलं : हात पूर्ण लांब करायचा, झेंडा पूर्ण उलगडायचा, म्हणजे ड्रायव्हरला एका नजरेत दिसतो. ‘आणि आधी मागे बघायचं. सगळे चढले का ते बघितल्याशिवाय हिरवा दाखवायचा नाही.’ तेव्हापासून ती घरातून निघतानासुद्धा मागे वळून बघते.

पार्किंगच्या खांबांमधून खडूने रूळ काढले होते, घाटासारखे वळणं घेत. जुम्मापट्टीला सिग्नलचा खेळ. एका खोक्यावर घोटीव कागदाचे गोल चिकटवलेले पुठ्ठे आलटून पालटून लावायचे. हिरवा म्हणजे पळा. दोन पिवळे म्हणजे चाला. एक पिवळा म्हणजे मुंगीच्या पावलांनी, कारण पुढचा लाल असू शकतो. लाल म्हणजे जागच्या जागी. काकांनी मुलांना स्पष्ट सांगितलं की असे चार प्रकारचे सिग्नल आपल्या लोकलच्या मार्गावर असतात, डोंगरातल्या गाडीला नाहीत. मुलांना फरक पडला नाही, पण खोटी माहिती द्यायची नाही हे मला त्यांचं फार आवडलं. एक खुर्ची, एक खोकं आणि चार पुठ्ठे एवढ्यावर हा खेळ अर्धा तास चालला.

बोगदा म्हणजे चार खुर्च्यांवर टाकलेल्या दोन चादरी. वॉटर पाईप स्टेशनला, नावाप्रमाणे, पाणी आणि कोकम सरबत. पिंपाला नळ होता, ग्लास ज्याने त्याने भरून घ्यायचा.

अमन लॉजला मुद्दाम बैठा खेळ ठेवला, कारण तोवर मुलं घामाघूम झालेली असतात. माथेरानला माकडं हातातला खाऊ पळवतात, हे इथल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. एकाने डोळे बांधून मधे बसायचं, समोर स्टीलचा डबा, त्यात दोन चमचे. बाकीची माकडं. आवाज न करता डबा उचलून न्यायचा. डबा हलला की चमचे वाजतात. सगळ्यात दंगेखोर मुलगा या खेळात सर्वांत हळू सरकतो, हे एकदा बघाच.

माथेरानला पोचल्यावर खाणं. वडापाव, केळी, आणि केक. तीन किलो बटाट्यांत मुलांचं आणि मदतीला आलेल्या मोठ्यांचं निवांत झालं. मुलांसाठी वडे लहान वळले आणि हिरवी मिरची कमी केली. केक जवळच्या बेकरीतून आणला, साधा, बारच्या आकाराचा, वर क्रीम नाही. त्यावर एक स्विस रोल आडवा ठेवला, तो इंजिनाचा बॉयलर. क्रीम बिस्किटांची चाकं, जॅमने चिकटवलेली. मागे केकचाच चौकोनी तुकडा, ती ड्रायव्हरची केबिन. चाकं लेकीने आणि तिच्या मैत्रिणीने सकाळी लावली, म्हणून ती थोडी वाकडी आहेत आणि फोटोतही तशीच दिसतात. फोटो छापलेल्या किलोभर केकला याच्या तिप्पट पैसे पडले असते आणि त्याला कोणाचाच हात लागला नसता.

रिटर्न गिफ्ट म्हणून प्रत्येकाला चिक्कीचं पुडकं, कारण माथेरानहून रिकाम्या हाताने कोणी परत येत नाही. एक मात्र अगत्याने करा : आमंत्रण देतानाच शेंगदाणा चालतो का ते प्रत्येक आईला विचारा. आमच्या चौदांत एकाला चालत नव्हता, त्याच्यासाठी राजगिऱ्याची वेगळी आणली आणि त्याचं पुडकं आधीच नाव घालून बाजूला ठेवलं. चिक्कीबरोबर आपापला डबा घरी न्यायचा होता. पावसात भिजतील म्हणून मी मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या काढून ठेवल्या होत्या, तरी निम्म्या मुलांनी डबा अंगातून काढायलाच नकार दिला आणि छत्रीखालून तसेच गेले. दुसऱ्या दिवशी बिल्डिंगच्या जिन्यावर न बोलावताच गाडी सुरू झाली, आणि पुठ्ठे फाटेपर्यंत चालली.

‘मुलीसाठी गाडीची थीम?’ असंही काही जणी विचारतात. हो. तिने मागितली होती. झेंडा दाखवायला आणि शिट्टी फुंकायला मुलींची रांग मुलांपेक्षा लांब होती.

‘आणि मला असं हाताने काही करायला जमत नाही, वेळही नाही,’ हे नोकरी करणाऱ्या मैत्रिणी म्हणतात. मीही सकाळची सातची लोकल पकडते. डबे कापायला रोज रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास बसत होतो, सगळे मिळून. सासरे सुतळी मोजून कापायचे, नवरा चिकटपट्टी लावायचा, लेक तिकिटं लिहायची. तयारीतला हा भाग तिला पार्टीइतकाच आवडला, म्हणून घाईघाईने एका दिवसात उरकू नका. आणि बिल्डिंगमध्ये एखादे निवृत्त काका, आजोबा, मावशी असतील तर त्यांना नुसतं जेवायला बोलावू नका, काम द्या. पोस्टात होते, बँकेत होते, एसटीत कंडक्टर होते, शाळेत शिपाई होते, प्रत्येकाकडे एक अख्खी थीम असते.

कापडी झेंडे काकांनी आमच्याकडेच ठेवलेत, सिग्नलचे पुठ्ठेही माळ्यावर आहेत. बदलापुरातल्या कोणाला हवे असतील तर खुशाल घेऊन जा. खोक्यांसाठी मात्र मेडिकलवाल्याला आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवा, आणि मागताना मुलं असतील त्यापेक्षा दोन-तीन जास्तच मागा.