तोंडओळखीचे शब्द

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत पहिल्या प्रयत्नात मला वाचनात ६.५ आणि लेखनात ६ बँड, म्हणजे गुण, मिळाले. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी करायची, तर या परीक्षेच्या अकॅडमिक प्रकारात वाचन, श्रवण आणि संभाषण या तिन्हींत ७ आणि लेखनात ६.५ बँड लागतात; म्हणजे दोन ठिकाणी अर्ध्या अर्ध्या बँडने माझे गाडे अडले होते. ते कशामुळे अडले याचा विचार करताना शब्दसंग्रहाकडे माझे लक्षच गेले नाही, कारण तीच माझी जमेची बाजू आहे अशी माझी खात्री होती. तासगाव तालुक्यातल्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेल्या मी मिरजेत रात्रपाळ्या करता करता, पहाटेच्या औषधांची वेळ होईपर्यंतच्या निवांत तासात, १,८०० शब्दांची एक यादी तीन महिन्यांत संपवली होती.

ती यादी एका क्लासमधून मिळालेली झेरॉक्स होती. गार्युलस, लॅकॉनिक, युबिक्विटस असे शब्द आणि प्रत्येकासमोर एक मराठी अर्थ, एवढेच तिचे स्वरूप होते. ती मुळात अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेसाठी तयार केलेली होती, हे मला फार नंतर कळले. मी रोज वीस शब्द घेई, अर्थाच्या रकान्यावर पट्टी ठेवी आणि शब्द ओळखीचा वाटला की ‘हा येतो’ म्हणून पेन्सिलीने खूण करून पुढे जाई. यादी खुणांनी भरत गेली तसा आत्मविश्वासही वाढत गेला.

तो उतरवला अकरावीतल्या माझ्या भाच्याने. मी त्याला ८० शब्दांचा एक कागद करायला सांगितले होते, ज्यात ६० शब्द माझ्या यादीतले असतील आणि २० त्याने स्वतः बनवलेले, पण दिसायला इंग्रजीसारखे असतील. ही माझी कल्पना नव्हे; शब्दसंग्रह मोजण्यासाठी खऱ्या शब्दांत खोटे शब्द मिसळण्याची पद्धत पॉल मीरा या अभ्यासकाने १९८० च्या दशकात पुढे आणली आणि ती पुढे बरीच वापरली गेली. मी कागदावर भराभर खुणा केल्या. ‘मावशी, मॉर्डिशन म्हणजे काय गं?’ असे त्याने विचारले, तेव्हा मी क्षणभर आठवू पाहत होते, हे कबूल केले पाहिजे. वीसपैकी पाच खोट्या शब्दांपुढे मी ‘येतो’ अशी खूण केली होती. मराठीत ‘तोंडओळख’ हा फार नेमका शब्द आहे. माझी त्या यादीशी तोंडओळख होती. रस्त्यात भेटल्यावर हसण्याइतकी, अडल्या वेळी हाक मारण्याइतकी नव्हे.

त्यानंतर मी शब्दपातळी मोजणारी चाचणी सोडवली. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी १९८३ मध्ये तिचा पाया घातला आणि २००१ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. तिच्यात इंग्रजीतले सर्वाधिक वापराचे पहिले २,००० शब्द, मग ३,०००, ५,००० आणि १०,००० अशा पातळ्या असतात आणि विद्याव्यवहारातल्या शब्दांचा एक वेगळा गट असतो. प्रत्येक गटात ३० प्रश्न असतात. एका बाजूला सहा शब्द, दुसऱ्या बाजूला तीन अर्थ, आणि जोड्या लावायच्या. २,००० च्या पातळीवर मला २९ गुण मिळाले, ३,००० वर २१, विद्याव्यवहाराच्या गटात १९. गंमत म्हणजे १०,००० च्या पातळीवर, जिथे भल्याभल्यांना अडखळायला होते, तिथे त्या यादीच्या कृपेने मी चौदा उत्तरे बरोबर दिली होती. माझ्या इंग्रजीच्या घराला तळमजला होता, गच्चीवर शोभेच्या कुंड्याही होत्या. मधले मजले मात्र अर्धवट बांधलेले होते.

मधले मजले म्हणजे कोणते शब्द, हे ठरवण्यासाठी एक चांगली यादी उपलब्ध आहे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये इंग्रजीतल्या सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. (हे वेस्ट कितीतरी वर्षे ढाक्यात शिकवत होते, तेव्हा त्या यादीमागचा अनुभव बराचसा आपल्याच उपखंडातला आहे.) त्या २,००० शब्दांपलीकडचे, पण सगळ्याच विषयांच्या अभ्यासग्रंथांत वारंवार येणारे शब्द वेलिंग्टनच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी सुमारे ३५ लाख शब्दांच्या मजकुरातून वेचून काढले आणि २००० साली त्यांची ५७० शब्दकुळांची (एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची) यादी दहा टप्प्यांत मांडली. अशा मजकुरात साधारण दहा शब्दांमागे एक शब्द या यादीतला असतो. असेस, अझ्यूम, डिराइव्ह, कॉन्स्टिट्यूट, व्हेरी: एकही शब्द मिरवण्यासारखा नाही, आणि यांतले निम्मे मला नीट वापरता येत नव्हते.

घरात जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग होता. त्यांचा कागद जाड आणि पाठ कोरी असते. मी त्या कापून कार्डे केली आणि सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे मिठाईच्या चार रिकाम्या खोक्यांत घातली. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या खोक्यात जाते, चुकले की कितीही पुढे गेलेले असले तरी थेट पहिल्या खोक्यात परत येते. पहिले खोके रोज, दुसरे तीन दिवसांनी, तिसरे आठवड्याने आणि चौथे महिन्याने उघडायचे. पाठ केलेले किती वेगाने गळते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. ते मला चुकून आधी समजले असते, तर पट्टी आणि पेन्सिलीत तीन महिने गेले नसते. आता मी कार्डाच्या दर्शनी बाजूला इंग्रजी शब्द लिहीत नसे. तिथे एक पूर्ण मराठी वाक्य असे आणि मागच्या बाजूला तेच वाक्य इंग्रजीत. शब्द पाहून अर्थ सांगणे सोपे असते. अर्थ समोर असताना शब्द शोधावा लागला, की आपली पुंजी उघडी पडते. फारच अडले तर शब्दाची पहिली दोन अक्षरे पाहण्याची सवलत मी स्वतःला दिली होती.

या कामात माझ्या व्यवसायाने जितकी मदत केली तितकीच दिशाभूलही केली. वॉर्डात दिवसभर आम्ही इंग्रजी शब्दच बोलतो, पण प्रत्येकाचा एकच कप्पा उघडलेला असतो. डिस्चार्ज म्हणजे रुग्णाला घरी सोडणे किंवा जखमेतून येणारा स्राव. सराव उताऱ्यात कारखान्याने नदीत केलेला डिस्चार्ज आला तेव्हा मी थबकले. कल्चर म्हणजे रक्ताचा किंवा लघवीचा नमुना तपासायला पाठवणे. संस्कृती हा अर्थ माहीत असूनही मनात आधी प्रयोगशाळाच उभी राहायची. सगळ्यांत फजिती केली ती व्हेसलने. प्राचीन सागरी व्यापारावरच्या उताऱ्यात हा शब्द सात वेळा आला होता आणि पहिला परिच्छेद संपेपर्यंत मी रक्तवाहिन्यांतून बाहेर पडू शकले नाही. व्हेसल म्हणजे जहाज आणि व्हेसल म्हणजे भांडेही. याच्या उलट अ‍ॅक्यूट हा शब्द मराठीने मला फुकट दिला, कारण आपण वेदनाही तीव्र म्हणतो आणि पाणीटंचाईही तीव्रच म्हणतो. एका शब्दाचे जितके अर्थ, तितकी वेगळी कार्डे, असा नियम मी तेव्हापासून केला.

लेखनाचे दुखणे वेगळे होते. तिथे सारख्याच वजनाच्या चार निकषांपैकी एक शब्दसंपदेचा असतो, आणि ७ बँडच्या वर्णनात कमी प्रचलित शब्दांबरोबरच कोणता शब्द कोणत्या शब्दाबरोबर नांदतो याची जाण अपेक्षित असते. मराठीत आपण चूक करतो, गुन्हा करतो, प्रगती करतो आणि संशोधनही करतो. इंग्रजीत या चार ठिकाणी मेक, कमिट, पुन्हा मेक आणि कंडक्ट येतात. मी मात्र डू या एकाच क्रियापदावर संसार चालवला होता. हे अन्यायाचे वाटले, तेव्हा मी मराठीकडे परकीय माणसाच्या नजरेने पाहिले. आपण दिवा लावतो, झाड लावतो, फोन लावतो, चष्मा लावतो आणि लग्नही लावतो. भूक लागते, पण पाऊस पडतो. हे कोणी नियमाने शिकवलेले नसते, जोडीनेच कानावर पडलेले असते. म्हणून कार्डावर एकटा शब्द लिहिणे मी बंद केले आणि जोडीच लिहू लागले.

पहिल्या लेखनकार्यात आलेख किंवा तक्ता पाहून किमान १५० शब्द लिहायचे असतात. तिथे इन्क्रीज्ड बाय आणि इन्क्रीज्ड टू यांतला फरक मला वर्षभर कोणी पटेल असा समजावला नव्हता. एकदा कार्डासाठी मराठी वाक्य लिहिताना तो आपोआप उलगडला: ‘प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले’ म्हणजे बाय, ‘प्रमाण दहा टक्क्यांवर गेले’ म्हणजे टू. ‘नी’ आणि ‘वर’ मी लहानपणापासून अचूक वापरत आले होते. प्रश्न फक्त त्यांना इंग्रजीत कुठे बसवायचे एवढाच होता. मराठी बाजूला ठेवून इंग्रजीतच विचार करा, असा सल्ला सगळेच देतात. त्या सल्ल्याचे मी निदान या बाबतीत ऐकले नाही, हे बरे झाले.

श्रवणाचे थोडक्यात सांगते: तिथे शब्द कळून भागत नाही, स्पेलिंग चुकले की गुण जातो. अकॉमोडेशनमध्ये दोन सी आणि दोन एम असतात. त्यासाठी भाचा आठवड्यातून एकदा वीस शब्द वाचून दाखवी आणि मी ते लिही.

सर्वांत जास्त लाज वाटली ती माझेच जुने निबंध तपासताना. दहा निबंध घेऊन मी पुन्हा पुन्हा आलेल्या शब्दांखाली रेघा मारल्या. एका २६० शब्दांच्या निबंधात इम्पॉर्टंट नऊ वेळा आला होता. त्याच निबंधात प्लेथोरा, म्हणजे गरजेपेक्षा जास्त भरमार, हाही शब्द होता, तोही खेड्यातल्या एसटी गाड्यांबद्दल. दर रविवारी एक निबंध लिहायचा आणि त्या आठवड्यातल्या कार्डांपैकी किती जोड्या न ओढताताणता आल्या ते मोजायचे, ही माझी शेवटची चाचणी ठरली. पहिल्या रविवारी दोन आल्या. दोन महिन्यांनी सात-आठ येऊ लागल्या, पण कधी कधी एकही येत नसे, विशेषतः सलग तीन रात्रपाळ्यांनंतर.

दुसऱ्या प्रयत्नात वाचनात ७.५ आणि लेखनात ६.५ आले. कागदपत्रांचे काम अजून चालू आहे, त्यामुळे खोकी अजून कपाटावरच आहेत. आज मोजली तेव्हा चौथ्या खोक्यात ६१२ कार्डे होती आणि पहिल्यात चौदा. त्या चौदांमध्ये अल्बीट आहे, कॉक्सहेड यांच्या यादीतला अगदी शेवटच्या टप्प्यातला शब्द. तो तीनदा चौथ्या खोक्यापर्यंत जाऊन परत आला आहे. कार्डाच्या मागे अजूनही कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त अर्धा दिसतो, गोरज, सहा वाजून काही मिनिटे. तो मला न पाहता सांगता येतो.