आमची वाटचाल: 97 मिलिमीटरची तबकडी

मिशिगनच्या उत्तरेला, लेक सुपीरियरमध्ये घुसलेल्या कीविनॉ द्वीपकल्पावर आमची चार माणसांची कंपनी आहे. भुसभुशीत बर्फात ट्रॅकची गाडी, म्हणजे रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी, किती रुतेल, किती ओढेल, कुठे अडकेल, हे गाडी बनण्याआधी आम्ही गणितानं सांगतो. जागा योग्यच निवडली. 1978-79 च्या हिवाळ्यात इथे 390.4 इंच बर्फ पडला होता. मोहॉकजवळ हायवेलगत तो आकडा मिरवणारा उंच खांब आजही उभा आहे.

2008 साली मी आणि माझा सांगलीचा वर्गमित्र, दोघांनी सुरुवात केली. बेव्हामीटर, म्हणजे बर्फात तबकडी दाबून ती किती दाबाला किती रुतते हे मोजणारं यंत्र, विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्यानं लाकडं फोडायच्या जुन्या मशीनचा हायड्रॉलिक सिलिंडर काढून स्लेजवर बसवला. मोठी तबकडी 200 मिलिमीटरची झाली. धाकटीसाठी भंगारातला पोलादी तुकडा लेथवर घेतला, पण कडेचे खड्डे जाईपर्यंत व्यास 97 वर आला. तोच ठेवला. तबकड्या दोन लागतातच. आमचं गणित ज्यावर चालतं त्या बेकरच्या समीकरणात दाब आणि रुतणं यांचं नातं तबकडीच्या रुंदीवरही ठरतं, एका तबकडीवर ते उलगडत नाही. नव्यानं या कामात येणाऱ्यांनो, एका तबकडीवर भागवू नका, आणि बर्फाचं तापमान लिहिल्याशिवाय वहीचं पान उलटू नका.

आता 2011 बद्दल. एका मोठ्या गिऱ्हाइकाला बचावकार्यासाठी ट्रॅकची गाडी करायची होती. बर्फाची मापं त्यांनी दिली, डिसेंबरात घेतलेली. मी तेव्हाच लेखी कळवलं होतं की चाचणीच्या आठवड्यात पुन्हा मोजू द्या. खर्च नको म्हणाले. जानेवारीत दोन दिवस ऊब आली, वरचा थर वितळला, पुन्हा गोठला आणि त्यावर नवा बर्फ साचला. पोटात कडक पापुद्रा, वर-खाली भुसभुशीत. अशा बर्फात तबकडी दाबली की दाब चढत जातो, पापुद्रा फुटतो आणि दाब एकदम कोसळतो. डिसेंबरच्या मापांत असा पापुद्राच नव्हता, मग आमच्या आलेखात तो कुठून येणार?

गाडी चाळीस पावलं गेली. वजन भागिले ट्रॅकचं क्षेत्रफळ हा सरासरी दाब कागदावर मऊ दिसतो, पण प्रत्येक रोडव्हीलखाली, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या वजन पेलणाऱ्या चाकाखाली, दाबाचं टोक असतं. त्या टोकांनी पापुद्रा फोडला, मागची बाजू बसली, गाडीचं पोट बर्फावर टेकलं. पोट टेकलं की ट्रॅकवरचं वजन कमी होतं, पकड जाते आणि वर पोटाचं घासणं वाढतं. ट्रॅक जागच्या जागी फिरत राहिले. मी तिथे उभा होतो, त्या ट्रॅकचा आवाज अजून कानात आहे.

बैठकीत दोष आमच्या मॉडेलवर आला. माझं पत्र कोणी काढलंच नाही. बिल अडकलं, पगार तटले, मित्रानं मन घट्ट करून नोकरी धरली. त्याला मी दोष देत नाही. काम एका स्पर्धकाकडे गेलं. वर्षभरानं त्यांचा अहवाल हाती आला. त्यात चार तक्ते होते आणि धाकट्या तबकडीचा व्यास होता 97 मिलिमीटर. अशी तबकडी जगात आमच्याखेरीज कोणाकडे असेल? आमचीच मोजमापं, आमच्याच नावाशिवाय. वकिलाची फी परवडत नव्हती.

आम्हाला तारलं ते एका ग्रूमरवाल्यानं. स्नोमोबाईलच्या वाटा सपाट करणारा, फिनिश वंशाचा म्हातारा, माणूस कमी बोलणारा. त्याचं मशीन खोल बर्फात शेपटीवर बसायचं. मी बर्फात गुडघे टेकून रुताव मोजला, पुढे 16, मागे 31 सेंटिमीटर. वजनाचा मध्य ट्रॅकच्या मध्यापुढे घ्यायला सांगितलं. त्यानं बॅटरी आणि हत्यारांची पेटी पुढे हलवली. दुसऱ्या दिवशी चेक आणि सोबत पुढच्या हिवाळ्याची आगाऊ रक्कमही दिली. तेव्हापासून दर डिसेंबरात तो पहिला फोन करतो.

मधली वर्षं कामात गेली. आता रुतण्याच्या वक्रात पापुद्रा वेगळा मांडतो, पहिल्या रोडव्हीलनं दाबलेला बर्फ दुसऱ्याला वेगळा लागतो हेही धरतो, आणि स्वतः मोजल्याशिवाय एकही आकडा घेत नाही. बेव्हामीटरचा सिलिंडर तीनदा बदलला. तबकडी तीच आहे, आणि तिच्या मागच्या बाजूला आता मित्राची आणि माझी आद्याक्षरं कोरली आहेत.