खाडीपासून उगमापर्यंत: महाबळेश्वरला जाण्याआधी काय वाचलं

दिवाळीची सुट्टी संपली की नाताळापर्यंत आमच्या खोल्या रिकाम्या असतात. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, बाणकोट खाडीच्या काठी वेसवीजवळ आमचं चार खोल्यांचं घरगुती निवासाचं काम आहे. घाटावरची माणसं समुद्र बघायला खाली उतरतात आणि त्यांच्या चादरी धुऊन झाल्या की आम्ही डोंगर बघायला वर जातो. यंदा नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन रात्री महाबळेश्वरला राहून आलो. मी, आमचे हे, सासूबाई (वय ७४, गुडघे त्याहून म्हातारे) आणि नणंदेचा ओंकार, नववीतला.

ठिकाण निवडण्यात काही डोकं चालवलेलं नव्हतं. पण जाण्याआधी महिनाभर वाचायचं, एवढं मी यंदा ठरवून केलं. त्याला कारण आमचे पाहुणे. सामान उतरवून ‘इथे बघण्यासारखं काय आहे?’ म्हणून विचारतात, तेव्हा त्यांची पाठ खाडीकडे असते. मनात हसू येतं. मग कधीतरी लक्षात आलं की वर जाऊन आपणही तेच करतो. पॉइंट, भुट्टा, स्ट्रॉबेरी, फोटो, परत.

वाचायचं तर कुठून? मी आमच्या दारापासून सुरुवात केली. दारात सावित्री आहे. ती बाणकोटला समुद्राला मिळते आणि उगम पावते महाबळेश्वरला, म्हणजे आमची सहल नदीच्या शेवटाकडून सुरुवातीकडे होणार होती. तुम्ही जिथून डोंगरात जाणार असाल तिथली नदी बघा. ती त्याच डोंगरातून आलेली असेल तर काय वाचायचं हा प्रश्न निम्मा सुटतो.

पहिलं वाचन गॅझेटियरचं, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथांचं. इंग्रजांच्या काळातले मुंबई इलाख्याचे खंड जालावर फुकट मिळतात. रत्नागिरीचा दहावा (१८८०), कुलाब्याचा (आताच्या रायगड जिल्ह्याचा) अकरावा (१८८३), साताऱ्याचा एकोणिसावा (१८८५). इंग्रजी जुनं असलं तरी अवघड नाही, फक्त गावांची नावं ओळखायला जरा वेळ लागतो. खंड सगळा वाचू नका, झोप येईल. शेवटी गावांची अक्षरवार माहिती असते, त्यातलं आपल्या वाटेवरचं प्रत्येक गाव काढा आणि तेवढीच पानं छापून घ्या. माझी बावीस पानं झाली. एक ध्यानात ठेवायचं, हे राज्यकर्त्यांनी आपल्या सोयीसाठी लिहिलेलं आहे. रस्ते, पाणी, बाजार, महसूल याबाबत चोख. माणसांबद्दल मतं द्यायला लागले की पान उलटावं.

त्यातून कळलं की एकोणिसाव्या शतकात मुंबईचे साहेब महाबळेश्वरला आमच्या दारावरूनच जात. जहाजानं बाणकोट, मग खाडीतून आत दासगाव-महाडकडे, आणि पुढे पारघाटानं पालखीत किंवा घोड्यावर. बाणकोटचा किल्ला १७५६ पासून त्यांच्याच ताब्यात होता. महाबळेश्वरची पेठ माल्कम नावाच्या गव्हर्नरानं वसवली ती १८२८-२९ च्या सुमारास, साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी बोलणी करून. आम्ही आयुष्यभर जेटीवर उभं राहून समोरच्या बागमांडल्याला जाणारी फेरीबोट बघितली, पण ही खाडी म्हणजे एके काळचा हिल स्टेशनचा रस्ता, हे कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं वाचन नकाशाचं, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाचं हेच. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणातले नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवता येतात. नकाशावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. तपकिरी रेषा समान उंचीच्या, दोन रेषांत वीस मीटरचं अंतर. रेषा लांब लांब असतील तिथे जमीन सपाट, चिकटलेल्या असतील तिथे कडा. ओंकारला हे भूगोलात शिकवलेलं होतं, पण परीक्षेपुरतं. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तेव्हा पोलादपूरच्या पुढे रेषा अशा काही एकमेकींवर चढल्या होत्या की तो म्हणाला, ‘‘मामी, इथे शाई सांडलीय.’’ शाई नव्हती, महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट होता. मग त्यानं पेन्सिलीनं सावित्रीची निळी रेषा गिरवायला घेतली. ती एका पानावरून दुसऱ्यावर जाते, म्हणून पानं चिकटपट्टीनं जोडली. सहलीला त्याला मोबाइल नको म्हणावं लागलं नाही, ते या जोडलेल्या कागदामुळे.

आता प्रवास. वेसवीहून मंडणगड, म्हाप्रळ करत महाडजवळ महामार्गाला लागलो. सकाळी सहाला निघा, ऊन चढायच्या आत घाट संपतो. महाडच्या अलीकडे-पलीकडे सावित्रीच्या काठावर नीट बघितलंत तर मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. गाडी बाजूला लावून लांबूनच बघा, काठावर उतरू नका. महाडात उतरलो ते चवदार तळ्याशी. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह शाळेत पाठ केलेला असतो, पण ओंकारला पायऱ्यांवर उभं राहून वाटलं ते वेगळंच. ‘‘एवढ्या जवळ होतं पाणी?’’ म्हणाला. मला उत्तर सुचलं नाही.

पेट्रोल पोलादपूरलाच भरून घ्या. पुढे महाबळेश्वरपर्यंत सुमारे ४० किलोमीटर वळणंच वळणं. या घाटाबद्दल आमच्या भागात कुणी थट्टेनं बोलत नाही. २०१८ च्या जुलैत दापोलीहून सहलीला निघालेली बस इथेच दरीत गेली आणि ३० जण गेले, एक वाचला. २०२१ च्या पावसात हाच रस्ता जागोजाग खचला होता. त्यामुळे पावसाळ्यात हा घाट नको, हे माझं स्पष्ट मत आहे. मग धबधब्यांचे फोटो कितीही छान येवोत. आणि घाटात वाचू नका. मी गॅझेटियरची पानं मोठ्यानं वाचून दाखवायच्या उत्साहात होते. सातव्या-आठव्या वळणाला पोट ढवळून आलं आणि सासूबाईंनी पिशवीतून आवळासुपारी काढून दिली. म्हणाल्या, ‘‘पुस्तक मीट आणि खिडकीबाहेर बघ.’’

प्रतापगड वाटेतच लागतो, महाबळेश्वरच्या वीसेक किलोमीटर अलीकडे. गडांसाठी दोन पुस्तकं सुचवते. एक गो. नी. दांडेकरांचं ‘दुर्गभ्रमणगाथा’. त्यात गडाची मापं शोधू नका. गडावर मुक्काम कसा करावा, तिथल्या माणसांशी कसं बोलावं, एकाच जागी पुन्हा पुन्हा का जावं, ते त्यात आहे. दुसरं आनंद पाळंद्यांचं ‘डोंगरयात्रा’, म्हणजे वाटांचं पुस्तक. पायी जाणाऱ्यांनी ते आधी वाचावं. दोन्ही आमच्या तालुक्याच्या वाचनालयात होती. प्रतापगड १६५६-५७ मध्ये बांधला, अफझलखानाची भेट १० नोव्हेंबर १६५९ ची. आम्ही तारखेनंतर दोन आठवड्यांनी पोचलो, त्यामुळे गर्दी बेताची होती. जुलै २०२५ मध्ये ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत हा आहे आणि आमच्या हर्णैचा सुवर्णदुर्गही. एकाच यादीत एक पाण्यातला, एक ढगातला.

जुन्या पुस्तकांचा एक धोका इथेच कळला. कुणीतरी दिलेल्या, बरीच वर्षं जुन्या मार्गदर्शिकेत पार गावाकडून गडावर चढणाऱ्या पाऊलवाटेचं वर्णन होतं, ‘मोठ्या आंब्यापाशी डावीकडे’. हे आणि ओंकार त्या आंब्याच्या शोधात तासभर कारवीच्या झुडपांत घुसले. झाड नव्हतंच. शेवटी एका गुराख्यानं सांगितलं, तो आंबा पडून जमाना झाला. तेव्हा जुन्या पुस्तकातला इतिहास घ्या, पाण्याचे महिने घ्या, अंतर तासांत दिलेलं असेल तर तेही घ्या. झाडं, दुकानं आणि बसच्या वेळा मात्र गावात विचारा.

मुक्कामाबद्दल थोडंच सांगते. आम्हाला फोनवर दरीकडची खोली म्हणून सांगितली होती. दरी होती, पण संडासाच्या झरोक्यातून, टाचा उंचावून. खोली ठरवताना खिडकीतून त्याच दिवशी काढलेला फोटो मागवा. शनिवार-रविवार टाळा. आपण किनाऱ्यावरची माणसं थंडीला कमी लेखतो. साधारण १३५० मीटरवर नोव्हेंबरची पहाट म्हणजे सासूबाईंच्या दोन शाली आणि माझा स्वेटर, तोही त्यांच्याच अंगावर.

दुसऱ्या दिवशी क्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे जुनं देवळांचं गाव. पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री यांचे प्रवाह दाखवतात. सगळं पाणी एकत्र होऊन गोमुखातून पडतं. गोष्ट अशी की ब्रह्मदेवानं यज्ञात सावित्रीची वाट न बघता गायत्रीला शेजारी बसवलं, सावित्री रागावली, देवांना पाणी व्हा म्हणाली, स्वतःही पाणी झाली आणि पश्चिमेच्या कड्यावरून उडी टाकून कोकणात गेली. ही गोष्ट मी वाचून गेले होते. सासूबाईंना ती लहानपणापासून येत होती, आणि त्यांच्या सांगण्यात सावित्रीचा राग बराच जास्त होता. गोमुखापाशी त्या उभ्या राहिल्या, पाण्याखाली हात धरला. ‘‘एवढीशी?’’ म्हणाल्या. आमच्याकडे हीच पार करायला फेरीबोट लागते.

ज्यांना पुराणकथा नको त्यांनी नकाशा काढावा. कृष्णा, वेण्णा आणि कोयना पूर्वेच्या उताराला लागतात. सावित्रीची निळी रेषा मात्र पश्चिमेला चिकटलेल्या तपकिरी रेषा ओलांडून थेट खाली उतरते. उडी दोन्हीकडे आहे.

आर्थर सीटला दुपारी गेलो. सकाळी जा, दुपारी दरीत धुरकट असतं. हा पॉइंट आर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाचा. त्याची बायको आणि तान्ही मुलगी बाणकोटच्या खाडीत बुडाल्या आणि तो इथे बसून त्या दिशेला बघत राही, असं सांगतात. वरच्या गाइडनं ही गोष्ट सांगताना हात पश्चिमेकडे केला आणि ‘तिकडे कुठेतरी बाणकोट’ म्हणाला. आम्ही चौघंही काही बोललो नाही, मग ओंकारनं नकाशा काढून त्याला नेमकी दिशा दाखवली. हवा स्वच्छ असली तर समुद्र दिसतो म्हणतात. आम्हाला डोंगरांच्या चार ओळी दिसल्या, पाचवी बहुतेक ढगांची होती.

परत येताना सासूबाई वाटेतल्या उघड्या खडकाशी थांबल्या. वाकून एक तुकडा उचलला, नखानं खरवडला. तांबूस, भोकंभोकं पडलेला. ‘‘हा तर आपला चिरा.’’ होताच. आमच्या घराच्या भिंती ज्या जांभ्याच्या, त्याच जातीचा दगड महाबळेश्वरच्या डोक्यावर टोपीसारखा बसलेला आहे. मधली सगळी उंची काळ्या कातळाची, लाव्ह्याचे थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचे. लाव्ह्याचा खडक ऊन-पावसानं कुजत कुजत जांभा होतो, वर एकदा झाला आणि खाली किनाऱ्याकडे निराळा झाला. हे मी भूशास्त्राच्या एका शालेय पुस्तिकेत वाचलं होतं आणि विसरलेही होते. तुम्ही कोकणातून जाणार असाल तर एवढं एक प्रकरण वाचून जाच. घाट चढताना रस्त्याच्या कापलेल्या कडेला लाल, काळा, पुन्हा लाल असा क्रम दिसतो.

पक्ष्यांसाठी सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक, १९४१ पासून चालत आलेलं. ते आपल्याच किनाऱ्याचे म्हणायला हरकत नाही, किहीमला बसून त्यांनी सुगरणींचा अभ्यास केला होता. शिपाई बुलबुल आमच्या अंगणातही येतो, पण वर त्याचंच राज्य आहे. शेकरू दिसायला हवं असेल तर सकाळी लवकर, दाट झाडीच्या रस्त्यानं, तोंड बंद ठेवून चाला. आमच्यात हे तिसरं कुणाला जमलं नाही.

रात्री वाचायला मी एकच पातळ पुस्तक नेलं होतं, दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’. महिन्याला एक लेख. चालू महिन्याचा वाचायचा, बाकीचे घरी. जाड कादंबरी नेऊ नका. दिवसभर चालून आल्यावर चार पानांच्या पुढे डोळे टिकत नाहीत आणि जाड पुस्तकाचं ओझं उगाच होतं. पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. धुक्यानं माझ्या छापील पानांच्या कडा पापडासारख्या वळल्या, आणि साताऱ्याच्या खंडातल्या एका पानावर आता स्ट्रॉबेरीचा डाग आहे. (नोव्हेंबरात फळ नुकतं सुरू झालेलं असतं आणि महाग असतं. जानेवारीनंतर घ्या.)

‘डोंगरयात्रा’ वाचनालयाच्या नोंदवहीत अजून माझ्याच नावावर आहे. ओंकारनं आंबोलीच्या पानावर खूण घालून ठेवली आहे, म्हणून परत करायचं राहिलंय. मंडणगड तालुक्यात कुणाला हवं असेल तर नाताळाच्या आत कळवा. त्यानंतर पाहुणे येतात, आणि मग मला पुस्तक शोधायलाही फुरसत नसते.